चालत येतो

“तिच्या कानाला लाव फोन,” नाना म्हणाले. “तिनं बोलायचं नाही. नुसतं ऐकायचं.”

मी मागच्या खोलीत धान्याच्या डब्यांपाशी उभी होते. दार लोटून घेतलं होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती आणि हळू आवाजात बोलत होती. आदल्या दिवशी जिथे आईला ठेवलं होतं, तिथे पिठाच्या ताटाशेजारी दिवा लावलेला होता.

मी फोन हातभर लांब धरून म्हटलं, “लावलाय नाना. बोला.” मग तो पुन्हा माझ्याच कानाशी आणला.

“शालन,” नाना म्हणाले. ते फोनवर नेहमीच आवाज चढवून बोलत. सांगलीच्या एसटी स्टँडवर त्यांनी कंट्रोलर म्हणून नोकरी केली होती आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागलीय हे सांगतानाचा तो आवाज घरीही गेला नव्हता. “शालन, घसा बसलाय म्हणाली निरू. गरम पाणी पी. उगीच कामं काढत बसू नकोस. आज मी व्यायामाच्या दांड्यांमधून पार पलीकडे गेलो आणि परत आलो. मॅडम म्हणाल्या, छान. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला सांग कुणाला तरी, ती तू विसरतेस. आणि हे बघ, अंगात ताप असताना बसनं मिरजेला यायचं नाही. तू येऊ नकोस. मीच येतो. चालत येतो.”

मी दार आणखी घट्ट लोटलं.

“ऐकलं का तिनं?”

मी फोन पुन्हा लांब नेला आणि जवळ आणला. “ऐकलं नाना.”

“काय म्हणाली?”

“मान हलवली.”

“बरं. झोपू दे तिला,” नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. परवा नानांचं तेरावं झालं. तेव्हापासून तो फोन पुन्हा पुन्हा कानाशी येतोय.

नाना अंगणात पाण्याचा पाईप गुंडाळताना घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं आणि तिथल्या सर्जननी त्यांना एका पुनर्वसन केंद्रात पाठवलं. आम्ही त्याला नुसतं सेंटर म्हणायचो. पडून हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे काही आठवडे ठेवून घेत, उठायला, उभं राहायला, चालायला पुन्हा शिकवत आणि घरी पाठवत. आई एक दिवसाआड डबा घेऊन सांगलीहून बसनं जायची. मी सांगलीतच, दहा मिनिटांवर राहत होते. तिला म्हणायचे, मी नेते डबा. ती म्हणायची, “तू नेलास तर ते तुला विचारणार, आई का नाही आली. त्यापेक्षा आईच जाते.”

बुधवारी पहाटे ती झोपेतच गेली. काही दुखलं-खुपलं नव्हतं. आदल्या दिवशी नानांसाठी दोडकी आणून ठेवली होती.

माझा धाकटा भाऊ हेमंत पुण्याहून आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, “नानांना आणायचं ना?” आणि मग त्यानंच सर्जनना फोन लावला. नानांना आदल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला होता. सर्जन म्हणाले, निर्णय तुमचा, पण मला विचाराल तर धोका आहे. शिवाय आत्ता कुठे पाय टेकायला लागलेत. या वयात आता अंथरूण धरलं तर पुन्हा उठायचे नाहीत. हे काही आठवडेच काय ते महत्त्वाचे.

हेमंतनं फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. लीलाकाकू, म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको, आईच्या पायाशी बसल्या होत्या. काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

“नवऱ्याला शेवटचं तोंड दाखवायचं नाही?” त्या म्हणाल्या.

“काकू, मला दोघांना एकदम नाही पोचवायचं,” हेमंत म्हणाला.

नानांना घरी आणल्यावर सांगायचं असं ठरलं. घरी येईपर्यंत आईला ताप होता, घसा बसलेला होता, अशक्तपणा होता. हेमंतनं क्रियेसाठी मुंडण केलेलं, त्यामुळे तो ऑफिसच्या कामानं सिंगापूरला गेलेला होता. हे सगळं नानांपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

मी सेंटरला गेले तेव्हा नाना दोन दांड्यांच्या मध्ये उभे होते. पलीकडच्या टोकाला रेश्मा मुजावर, तिथल्या थेरपिस्ट, दोन्ही हात पुढे करून थांबल्या होत्या.

“खाली बघू नका काका. माझ्याकडे बघा.”

“तुमच्याकडे बघून पडलो तर बायको विचारेल,” नाना म्हणाले.

खोलीत त्यांच्या शेजारच्या कॉटवर बापू चौगुले म्हणून जयसिंगपूरचे गुळाचे व्यापारी होते. मांडीचं हाड मोडून आलेले. मला बघून म्हणाले, “ताई, जरा विचारा की तुमच्या वडलांना, आमची जयसिंगपूर गाडी कधी सुटायची?”

“ड्रायव्हर चहा पितोय,” नाना कॉटवर टेकत म्हणाले.

“महिना झाला, चहाच पितोय.”

नाना हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आई कशी आहे?”

“बरी आहे. ताप उतरतोय.”

“या आठवड्यात येईल?”

“येईल नाना. जरा बरं वाटलं की येईलच.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी चादरीची सुरकुती हातानं सरळ केली. “डबा तरी पाठव म्हणावं,” ते म्हणाले. “इथल्या आमटीत फोडणी शोधावी लागते.”

“सापडली तर मलाबी दाखवा,” बापू म्हणाले.

आईची आमटीची एक पद्धत होती. सगळं होऊन पानं मांडली की ती लोखंडी पळीत तेल तापवून मोहरी, लसूण, कढीपत्ता घालायची आणि ती पळी तशीच आमटीत बुडवायची. तो चर्र आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. नाना पेपरची घडी घालून उठायचे. तिनं कधी जेवायला चला म्हणून हाक मारल्याचं मला आठवत नाही.

घरी येऊन मी काकूंना सांगितलं, नाना डबा मागतायत. काकू मुक्कामालाच होत्या आणि स्वयंपाकघर त्यांनी हातात घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईचाच पितळी कड्यांचा डबा घासूनपुसून भरला. भात, आमटी, दोडक्याची भाजी, चपात्या. आईनं आणलेली दोडकी अजून होती.

“तिच्या नावानं खाईल बिचारा,” काकू म्हणाल्या आणि पदरानं डबा पुसत राहिल्या.

सेंटरमध्ये मी टेबल पुढे ओढलं, नानांच्या पाठीशी उशी लावली आणि डबा उघडला. त्यांनी आमटीचा डबा जवळ घेतला. आत बघितलं. चमच्यानं एकदा ढवळलं. मग हात तसाच राहिला.

“कुणी केलंय?”

“काकूंनी. आई पडल्यापडल्या सांगत होती.”

“लीला आलीय?”

“आईला विश्रांती म्हणून. आल्यात मदतीला.”

“कधीपासून?”

“झाले थोडे दिवस.”

नानांनी भाजीच्या डब्याचं झाकण काढलं. तीही बघितली. बापू आपल्या कॉटवरून म्हणाले, “काय कंट्रोलरसाहेब, एकटेच खाणार? वहिनींच्या हातचं आम्हालाबी लागू द्या.”

“आज नको बापू,” नाना म्हणाले. “आजचं मलाच पुरू दे.”

त्यांनी भातावर आमटी ओतून घेतली आणि जेवायला लागले. सावकाश, एकेक घास चावून. मधे पाणी प्यायले नाहीत. मी आपली बोलत होते, शेजारच्या बंगल्याला रंग लावतायत, हेमंतचा सिंगापूरहून फोन आला होता. ते हं म्हणत होते. सगळं संपवलं. डब्याच्या कडेला राहिलेलं शीतसुद्धा बोटानं निपटून घेतलं. मी डबा आवरत होते तेव्हा नाना म्हणाले, “ऊन वाढायच्या आत जा तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा मॅडमचा फोन आला. “निरुपमाताई, काल काही झालं का? काका उठत नाहीयेत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. आज नको म्हणतात. ताप नाही, रक्तदाब ठीक आहे. असा एक दिवस येतो कधीकधी. पण दोन आले तर अवघड होतं, म्हणून सांगितलं.”

मी हेमंतला सांगितलं. तो ओसरीवर बसला होता, बोडक्या डोक्यावरून हात फिरवत. “आई भेटत नाही म्हणून,” तो म्हणाला. “ताई, सांगून टाकायचं का?”

“आणि मग?”

तो उठून आत गेला.

दुपारी मी मिरजेला गेले. नाना तसेच पडले होते. बापूंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, नका बोलू. मी स्टुलावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं भिंतीकडे तोंड ठेवूनच नाना म्हणाले, “निरू, घरी जा. माणसं असतील घरात.”

“कोण असणार नाना? आई आणि काकूच.”

“हां. त्याच.”

त्याच्या पुढच्या सकाळी ते रेश्मा मॅडमच्या आधी तयार होऊन बसले होते. वॉकर पुढ्यात ओढून.

त्या सेंटरची एक रीत होती. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला विचारत, घरी गेल्यावर तुम्हाला काय करता यायला हवं? आणि पुढे ज्याचं जे उत्तर, त्याचा सराव. बापूंना दुकानाच्या तीन पायऱ्या चढायच्या होत्या, म्हणून त्यांना रोज लाकडी पायऱ्यांवर चढवत. नानांनी तेव्हा सांगितलं होतं, “मला काही नको. खुर्चीपर्यंत जाता आलं की झालं. बाकी ती करते सगळं.”

आता त्यांनी ते बदललं. रेश्मा मॅडमनीच मला व्हरांड्यात गाठून सांगितलं. “काका म्हणतात, एकट्या माणसाला जे जे लागतं ते सगळं शिकवा. आंघोळ, कपडे, अंथरूण, चहा, स्वयंपाक. मी म्हटलं, तुमच्या मिसेस आहेत की घरी. तर म्हणाले, तिला विश्रांती आहे आता.” त्या हसल्या. “या पिढीतला पुरुष असं म्हणतो म्हणजे कमाल आहे. आईंना सांगा माझ्याकडून.”

“सांगते,” मी म्हटलं.

सेंटरमध्ये शिकवण्यासाठी केलेलं एक छोटं स्वयंपाकघर होतं. ओटा, गॅस, बेसिन. वॉकर बाजूला लावून ओट्याला कंबर टेकवून कसं उभं राहायचं, वाकायला लागू नये म्हणून डबे कोणत्या फळीवर ठेवायचे, हात वॉकरला गुंतलेले असताना वस्तू कशी न्यायची, हे तिथे दाखवत. वॉकरला पुढे एक कापडी पिशवी अडकवलेली असे. तिच्यातून वाटी, डबी, चष्मा, सगळं जायचं. नानांनी ती पिशवी पहिल्या दिवशी बघून नाक मुरडलं होतं, “ही काय भाजीला निघालीय?” आता तिच्यात जपून कांदे ठेवून ते फ्रिजपासून ओट्यापर्यंत येत.

कढईत भाजी परतायची वेळ आली की मात्र थांबत.

“फोडणी सोडून सगळं करतात,” रेश्मा मॅडम म्हणाल्या. “तेल तापवायलाच तयार नाहीत. भाजायची भीती असते बऱ्याच जणांना. मी जोर नाही करत.”

“इथलं जेवणसुद्धा बिनफोडणीचं मागून घेतात,” बापू म्हणाले. “आजाऱ्यासारखं नुसतं वरण-भात. माझी भजी समोर धरली, तर हात जोडले. काय व्रत धरलंय कुणाला ठाऊक.”

“पोट बरं नाही,” नाना म्हणाले.

मी काळजीनं विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का. ते म्हणाले, “एवढं काही नाही. होईल बरं थोड्या दिवसांत.”

आईला फोन द्यायला ते पुन्हा म्हणाले नाहीत. ती कधी येणार हेही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं झालं होतं. हेमंतला मी म्हणाले, “त्यांचं लक्ष व्यायामात लागलंय. बरं झालं.”

आईचं तेरावं उरकलं त्या दिवशी मी सेंटरला गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांचा फोन आला. “निरू, येताना काहीतरी गोड आण. पेढे-बिढे नकोत. घरी केलेलं.”

“पोट बरं आहे?”

“आजपासून बरं आहे.”

मी शिरा करून नेला. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तर रेश्मा मॅडमनी हातानं खूण करून मला थांबवलं. नाना ओट्याला कंबर लावून उभे होते, समोर छोट्या कढईत तेल. मोहरी टाकली. ती तडतडायला लागली तसे जरा मागे झाले, मग पुन्हा पुढे आले. रेश्मा मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, “भीती गेली एकदाची.”

शिरा त्यांनी थोडाच खाल्ला. उरलेला बापूंच्या पुढे केला. “घ्या बापू. आता आमच्याकडचं खायला हरकत नाही.”

“आधी कसली हरकत होती?” बापूंनी विचारलं, पण तोवर घास तोंडात होता आणि उत्तराची त्यांना फारशी गरज नव्हती.

घरी सोडायचा दिवस ठरला. हेमंत पुण्याहून गाडी घेऊन आला. डोक्यावर नुकते केस फुटत होते, म्हणून टोपी घातली होती. सकाळी आम्ही घरात सगळी तयारी केली. कमोडशेजारी दांडी बसवून घेतली होती, सतरंज्या उचलल्या, पायात अडकेल असं काही ठेवलं नाही. हार घातलेला आईचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. काकू पुन्हा येऊन राहिल्या होत्या.

“आधी बसवायचं,” हेमंत म्हणाला. “पाणी द्यायचं. सकाळची गोळी घेतलीय ना ते विचारायचं. मग मी सांगतो. तू शेजारी बस, ताई. आणि मग चार-आठ दिवसांत मी त्यांना पुण्याला घेऊन जातो. इथे एकट्यानं कसं राहणार?”

गाडी फाटकाशी थांबली. हेमंत दार उघडून त्यांच्या काखेत हात घालायला गेला.

“वॉकर दे,” नाना म्हणाले.

“नाना, फरशी ओबडधोबड आहे. मी धरतो.”

“वॉकर दे, हेमू.”

फाटकापासून दारापर्यंत ते एकटे आले. आम्ही मागे, हात पुढे करून, पण न लावता. पायरीशी थांबले, दम घेतला, आधी चांगला पाय वर घेतला, मग दुखरा. बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडून ठेवली होती. काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

नाना खुर्चीशी थांबले नाहीत. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. भिंतीवरच्या खिळ्याशी ती जरा थांबली. मग वॉकर आत वळवला आणि स्वयंपाकघरात गेले.

“नाना, बसा ना आधी,” हेमंत त्यांच्या मागे गेला. “मला जरा बोलायचंय.”

“बोल की. मी ऐकतोय.” त्यांनी ओट्याला कंबर टेकवली. गॅसवर काकूंनी शिजवून ठेवलेली आमटी होती. “लीला, फोडणी राहिलीय का हिची?”

“घालते की मी,” काकू म्हणाल्या. “तुम्ही कशाला...”

“राहू दे. निरू, पळी कुठाय? लोखंडी. आणि कढीपत्ता जगलाय का?”

मी कुंडीतून एक डहाळी तोडून आणली. त्या कुंडीला मी रोज पाणी घालत होते. नानांनी पळीत तेल घेतलं, ज्योत बारीक केली आणि वाट बघत उभे राहिले.

हेमंतनं टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नसावं. “नाना,” तो म्हणाला, “आई...”

“त्या दिवशीच्या डब्यातल्या आमटीला फोडणी नव्हती,” नाना म्हणाले.

नाना पळीतल्या तेलाकडे बघत होते.

“भाजीलापण नव्हती. नुसती उकडलेली. लीला चाळीस वर्षं स्वयंपाक करते. ती काही विसरायची नाही.”

त्या दिवसांत घरात फोडणी नव्हती. सुतक फिटेपर्यंत आमच्याकडे तेल-मोहरी चुलीवर चढत नाही. घरात जे शिजलं होतं तेच काकूंनी डब्यात भरलं होतं आणि तेच मी नेलं होतं. आम्ही सगळेच त्या दिवसांत तसं जेवत होतो, त्यामुळे आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

“कोणत्या दिवशी गेली?” नानांनी विचारलं.

“बुधवारी,” मी म्हटलं. “पहाटे. झोपेत.”

“बुधवारी मी फोन लावला होता, कुणी उचलला नाही. वाटलं, चार्जिंग संपलं असेल. गुरुवारी तू उचललास. म्हणून मी गुरुवार धरला.” त्यांनी मोहरी टाकली. “एक दिवस जास्त पाळला म्हणायचा.”

मोहरी तडतडली. लसूण, मग कढीपत्ता. हेमंत दाराच्या चौकटीला धरून रडत होता, आवाज न करता, लहानपणी रडायचा तसा.

“तुम्ही बोलला का नाहीत नाना?” मी विचारलं. “आम्ही रोज तुमच्याशी...”

“गाडी रद्द झाली की आम्हीसुद्धा लगेच सांगत नव्हतो. तिकडून निघालीय, येईलच, म्हणायचो. माणसं बसून राहतात. तू ‘येईलच’ म्हणायला लागलीस आणि मला माझाच आवाज ऐकू आला.” त्यांनी पळी उचलली. हात स्थिर होता. “आणि बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतंत? मला उचलून आणलं असतं. खुर्चीत बसवून. मग तिथूनच पुण्याला.”

“पण एवढे दिवस एकट्यानं...” हेमंत म्हणाला.

“तिला सांगितलं होतं, मीच येतो. चालत येतो.” नाना माझ्याकडे वळले. “तू होतीस की. तुझ्याच कानाशी होता फोन.”

आणि त्यांनी पळी आमटीत बुडवली. तो आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असेल. तिथे कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं ते म्हणाले, “फोटो कुठे ठेवलाय तो लावा परत. खिळा ठोकलाय तर मोकळा कशाला ठेवता?” आणि मग हेमंतला, “पुण्याला मी सणावारी येईन.”

ते त्या घरात शेवटपर्यंत राहिले. पण तो त्या दुपारनंतरचा भाग झाला.

काकूंनी डोळे पुसून पानं वाढली. मी नानांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी एका वाटीत भात घेतला, त्यावर आमटी घातली, वाटी वॉकरच्या पिशवीत नीट सरळ बसेल अशी ठेवली आणि मागच्या दाराकडे वळले. दहाव्या दिवशी नदीवर आईला घास ठेवला तेव्हा ते नव्हते.

हेमंत उठायला लागला. मी त्याचा हात धरला.

मागच्या दाराला एक पायरी उतरायची होती. नाना उंबऱ्याशी थांबले. आधी वॉकर खाली ठेवला, मग दुखरा पाय, मग चांगला. पिशवी हलली, वाटी सांडली नाही. कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेले, वाटी भिंतीवर ठेवली आणि वॉकर धरून जरा बाजूला उभे राहिले. उन्हात त्यांचा पांढरा सदरा दिसत होता. ते काही बोलत होते का, ते आतून कळत नव्हतं.

आमटी निवायला लागली होती. ते आत येईपर्यंत आम्ही कुणी पानाला हात लावला नाही.